कठड्याला हात लावायचा नाही

जुन्या गल्लीतलं ते घर घेतल्यापासून तीन वर्षं सूनबाई गॅलरीचा कुजलेला नक्षीदार कठडा बदलायची परवानगी मागत होती. वारसा समितीचे साहेब दर खेपेला तिलाच झापायचे, "शंभर वर्षांपूर्वीचं काम आहे बाई, अशी कारागिरी पुन्हा होणे नाही. हात लावायचा नाही!"

परवा सासरे त्या कठड्यासकट खाली कोसळले आणि मांडीचं हाड मोडून बसले. आज साहेब धावत आले. "सगळे तुकडे जपून ठेवलेत ना?"

सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हा घ्या!" म्हणत तिने एक तुकडा उलटा करून त्यांच्या नाकासमोर धरला.

 

लाकडाच्या खालच्या अंगाला रंगाने लिहिलं होतं, 'सुतारकामासाठी फोन करा', आणि पुढे मोबाईल नंबर.