पहिल्या बाकावरच्या बाई

"फळ्याशी काय बोलताय? आमच्याकडे बघून बोला!"

पहिल्या बाकावरून आवाज आला आणि प्रशिक्षिकेच्या हातातला खडू थांबला. मागे खसखस पिकली. बोलणाऱ्या होत्या गणिताच्या बाई. सकाळपासून त्या तिच्या तोंडाकडे एकटक बघत होत्या. चूक कधी सापडते याचीच वाट बघत असल्यासारख्या.

ती ओशाळली. वळून तिने सगळं पुन्हा सांगितलं. ज्या मुलाला ऐकू येत नाही त्याला पुढे बसवा. खिडकीकडे पाठ करून उभे राहू नका, चेहऱ्यावर सावली येते. गृहपाठ नुसता तोंडी सांगू नका, फळ्यावर लिहा. शिक्षकांनी माना डोलावल्या. पण त्या माना तिच्या ओळखीच्या होत्या. शाळा सुटल्यावर बळंच थांबवलेला माणूस अशीच मान डोलावतो, एक डोळा घड्याळावर ठेवून.

बाहेर व्हरांड्यात एक मुलगी बापाशेजारी बसली होती. गेल्या वर्षीच्या तापात तिचे कान गेले होते. आता कुठे ती समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायला शिकत होती. सातवीच्या दोन तुकड्या, आणि दोन्ही वर्गशिक्षकांनी हात वर केलेले. मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं होतं, "आज संध्याकाळपर्यंत कोणी आपणहून तयार झालं तर ठीक. नाहीतर तिला वेगळ्या शाळेत पाठवावं लागेल." ती शाळा दुसऱ्या शहरात होती. राहणंही तिथेच. सकाळी बापाने प्रशिक्षिकेला दारातच गाठलं होतं. "ताई, तिला आई नाही हो. माझ्यापासून लांब नका पाठवू."

"काही शंका?" तिने विचारलं.

"वर्गात एवढी पोरं, त्यांत एकीचेच लाड कसे पुरवायचे?" चित्रकलेचे सर म्हणाले. "आमचे तर घरीसुद्धा कोणी पुरवत नाही!"

सगळे हसले.

"लाड नाहीत सर, सोय आहे. तुमच्या नाकावर चष्मा आहे, त्याला कोणी लाड म्हणतं का?"

सरांनी चष्मा वर सरकवला. आता बोलून टाकावं म्हणून ती गणिताच्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली. सातवीची एक तुकडी त्यांचीच होती.

"बाई, तुमच्या वर्गात घ्याल तिला?"

"नको!" बाईंचा आवाज जरा चढलाच. "दुसऱ्या कोणाकडेही द्या. माझ्या वर्गात नको."

प्रशिक्षिकेला चहाच्या वेळचं बोलणं आठवलं. चित्रकलेच्या सरांनी हळूच कानात सांगितलं होतं, "त्यांच्या नादी लागू नका मॅडम. आम्ही त्यांना ताठबाई म्हणतो. मागून कितीही हाका मारा, महाराणी वळून बघायच्या नाहीत!" खरंच की, तिला वाटलं. दगडाला पाझर फुटेल, पण या बाईला नाही.

शेवटचा एकच खेळ उरला होता. "मी आता बोलेन, पण आवाज काढणार नाही. मी काय म्हणाले ते तुम्ही ओळखायचं. त्या मुलीला दिवसभर काय करावं लागतं ते कळेल."

पुस्तकातलं नदीबद्दलचं एक साधं वाक्य तिने ठरवून आणलं होतं. ती उभी राहिली आणि उघड्या दारातून तिला मुलगी दिसली. दप्तर मांडीवर घट्ट धरून बसलेली. नदी कुठल्या कुठे गेली. प्रशिक्षिकेचे ओठ हलू लागले, ते वेगळंच काही बोलण्यासाठी. आवाज नव्हता, म्हणूनच तिला ते बोलायचं धाडस झालं.

शिक्षक एकमेकांकडे बघू लागले.

"भाजी... भाजीचं काहीतरी आहे," कोणीतरी म्हणालं.

"छे हो! पगारवाढ म्हणाल्या त्या," चित्रकलेचे सर म्हणाले, आणि पुन्हा हशा पिकला.

गणिताच्या बाई उभ्या राहिल्या. पाढा म्हणावा तशा एकेक शब्द सुटा करत त्या बोलल्या.

"त्या म्हणाल्या, बाहेर एक मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसली आहे. तुम्ही तिला बापापासून तोडणार आहात. आणि मला तुमची, तुम्हा सगळ्यांची लाज वाटते."

प्रशिक्षिकेचा चेहरा लालबुंद झाला. शब्द न शब्द तिचाच होता.

"बाई, हे तुम्हाला कसं कळलं?" मागे दाराशी उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांनी विचारलं.

बाई वळल्या नाहीत.

"बाई!" ते मोठ्याने म्हणाले.

तरीही नाहीत. आता कोणी हसलं नाही. प्रशिक्षिका खिडकीपासून दूर झाली, चेहऱ्यावर उजेड येईल अशी सरकली आणि बाईंच्या समोर उभी राहिली. मघाशी स्वतःच शिकवलेली गोष्ट ती आयुष्यात पहिल्यांदा करत असल्यासारखी करत होती. तिने सावकाश विचारलं, "सर विचारताहेत, तुम्हाला कसं कळलं?"

बाईंची नजर तिच्या ओठांवरून हलली नाही. प्रश्न संपल्यावर नजर खाली गेली.

"मोठ्यांना फसवता येतं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं फसवलं. त्या पोरीने मला पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. मग माझी नोकरी गेली असती. म्हणून नको म्हणाले."

मागून कोणी काही बोललं असतं, तरी बाईंची पाठ होती. मग त्या आपणहून वळल्या आणि मुख्याध्यापकांच्या चेहऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"मुलगी माझ्या वर्गात द्या, सर. आणि सोय करायचीच असेल, तर दोघींची करा."