मनोऱ्याखालची घागर

मिलला आग लागली तेव्हा सेठने दाराला बाहेरून कुलूप ठोकलेलं होतं. डिंडोलीच्या वेणूबाईचा लेक आतच जळाला. पुढे मेलेल्यांची आठवण म्हणून त्याच सेठने सुरतेच्या बागेत दगडी मनोरा उभारला. वेणूबाईला त्यावरची गुजराती अक्षरं वाचता येईनात. यात लेकाचं नाव कुठलं, असं तिने विचारलं, तर वॉचमनने कटकट नको म्हणून सगळ्यात मोठ्या अक्षरांतल्या नावाकडे बोट दाखवलं. तेव्हापासून दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती त्या नावाखाली पितरांची घागर ठेवायची, मेलेल्याच्या नावाने पाण्याने भरलेली.

यंदा सोबत आलेल्या नातीने नाव वाचलं. "आजी, हे तर सेठचं नाव! मेलेल्यांचं एकही नाही. उचल ती घागर, सेठ जिवंत आहे अजून."

 

"तो जित्ता शे, माले ठाऊक शे," म्हणत वेणूबाईने घागर पुन्हा काठोकाठ भरली आणि या खेपेला सेठचं नाव घेऊन ठेवली.