चाळीस दिवसांचा नेम

२००३ साली समलिंगी माणसांवरून जगभरच्या अँग्लिकन चर्चमध्ये भांडणं पेटली, तशी दुबईतल्या आमच्या छोट्या मंडळीतही पेटली. आमचा ऑर्गन वाजवणारा अजित तसा आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फादर म्हणाले, "त्याला ठेवायचं की नाही, चाळीस दिवसांनी ठरवू. तोवर प्रार्थना करा." माझे रोजचे नेम चार होते, हा पाचवा धरला. रोज पहाटे अजितचं नाव घेऊन म्हणायचे, "प्रभू, याला इथून ने."

रोज तेच एक वाक्य म्हणायची पुढे मलाच लाज वाटू लागली, म्हणून त्याची जरा चौकशी केली. मग प्रार्थनेत त्याचा खोकला आला, नगरला त्याच्या आईचं ऑपरेशन आलं. बाविसाव्या दिवशी त्याची कंपनी बंद पडली. दुसरी नोकरी मिळाली नाही तर व्हिसा खलास, सरळ नगर. प्रभूनं माझं ऐकलं होतं!

चाळिसाव्या दिवशी भर सभेत शेजारी बसलेल्या, मंडळीतल्याच रेचलवहिनींनी मला कोपरानं ढोसलं. "बोला ना ताई! काय मागितलंत इतके दिवस?"



"व्हिसा," मी हळूच म्हणाले. "काल मिळाला त्याला."