काटोलचा ठिपका

खंडेनवमीला कंपनीची सगळी मशीनं बंद होती. शहरात, सदर भागातल्या ऑफिसात फक्त गिरिधरचा कॉम्प्युटर चालू होता, कारण आज परीक्षा त्याच्या प्रोग्रॅमची होती. टेलिफोनच्या तारेने जोडलेला, संत्र्याच्या प्रत्येक गोदामातला कॉम्प्युटर त्याला इथून दिसे. चालू असेल तर गावाच्या नावापुढे हिरवा ठिपका. बंद असेल तर काही नाही. आज एकही ठिपका दिसायला नको होता.

काटोलपुढे ठिपका होता.

"हे काय गा?" मालक भैयाजी मागे उभे होते. "बंद मशीन चालू दाखवून राहिलं तुझं. असा प्रोग्रॅम घेऊन मी काय करू? अन् तुले ठेवून तरी?"

गिरिधरने दुसऱ्या फोनवरून काटोलला विचारले.

"चालू? आज?" तिकडून गोदामातल्या शोभाताई म्हणाल्या. "सकाळीच हळदकुंकू वाहून हार घातला ना भाऊ. वायर काढून कपाटात ठेवली." मग आवाज उतरला. "अन् तसंही, यमुताई गेल्यापासून त्या खुर्चीवर कोणी बसत नाही."

गिरिधरने फोन ठेवला.

श्रावणातल्या एका दुपारी काटोलच्या मशीनवर बराच वेळ एकही बटण दाबले गेले नाही, हे त्याला पडद्यावर दिसले होते. त्याने इथून गमतीत संदेश टाकला होता : 'यमुताई, झोपल्या काय?' उत्तर आले नाही. तो डबा खायला गेला. यमुताई तेव्हा मशीनपुढे टेबलावर डोके टेकून पडल्या होत्या. कोणी वेळेवर पाहिले असते तर वाचल्या असत्या, असे डॉक्टर नंतर म्हणाले.

"बंद कर ते मशीन इथूनच," भैयाजी म्हणाले. "तेवढं तरी येते का तुझ्या प्रोग्रॅमले?"

येत होते. गिरिधरने काटोल निवडले. पडद्यावर त्यानेच लिहिलेला प्रश्न आला : 'नक्की बंद करायचे?' त्याचे बोट बटणावर गेले.

प्रश्नाखाली त्याचा जुना संदेश उमटला. त्याच्याखाली एकेक अक्षर येऊ लागले. एका बोटाने, शोधून शोधून, यमुताई टाइप करायच्या तसे.

'झोपली नाही गा. वाट पाहून राहिली.'

भैयाजींचे लक्ष घड्याळाकडे होते.

"दाब ना," ते म्हणाले. "काहून थांबला?"