पत्र्याच्या बासरीचा निकाल

आयर्लंडला कायमचे परत जाताना फोरमनसाहेबांनी आपली पत्र्याची बासरी शंभूला दिली. त्यांच्याकडची एक चालही शिकवली आणि बजावले, बसली की कॅसेटवर भरून पाठव, खरे काय ते कळवीन.

तेव्हापासून आखातातल्या गुदैबिया वस्तीत शंभू राही त्या खोलीत शांतता मफी, म्हणजे तिथल्या अरबी बोलीत नाहीशी, झाली. सित्र्याच्या कामावरून कंपनीची बस आली, की शंभू बासरी तोंडाला लावी. गावी भजनात पखवाज वाजवणारा त्याचा खोलीसोबती बाळाजी कपाळाला हात लावी. कॅसेट भरायच्या दिवशी तर तो इतका वैतागला, की चाल संपेपर्यंत पातेल्यावर पळी आपटत राहिला. शंभूही हट्टाने थांबला नाही.

"तशीच धाड," बाळाजी म्हणाला. "साहेबांनी नाक मुरडलं, तर या खोलीत बासरी खलास. कबूल?"

"कबूल, बाळादादा."

उत्तराची कॅसेट आली. शंभूने देवाचे नाव घेऊन बटण दाबले. साहेब आपल्या मोडक्या हिंदीत बोलू लागले, "शंभू, साँस कम, सुर कच्चा. लेकिन पीछे बर्तन पर ताल देनेवाला आदमी एक नंबर. रोज उसके साथ बजाओ. उसको छोड़ना मत."

शंभूने हळूच बाळाजीकडे पाहिले. बाळाजीने स्टोव्ह बारीक केला, कॅसेट मागे फिरवली आणि तेवढेच वाक्य पुन्हा ऐकले.



"घे बासरी," तो पातेले पुढ्यात ओढत म्हणाला, "आणि जरा सबुरीने वाजव, तुझ्या घाईने माझी लय बिघडते."