मध्येच म्हटलेलं गाणं

नाटक ऐन रंगात आलं आणि पहिल्या रांगेतली म्हातारी उठून गाऊ लागली. घानातल्या तिच्या गावाची रीतच तशी, गोष्ट आवडली की ऐकणाऱ्यानं मध्येच गाणं म्हणायचं. शहरी प्रेक्षक फिदीफिदी हसले. नाटक लिहिणारी अडवोआ, देशातली पहिली नाटककार बाई, शरमेनं अर्धमेली झाली.

"आई, थिएटरात गप्प बसायचं असतं गं!"

"बरं बाई," म्हणत आई बसली. पुन्हा नाटकाला आलीच नाही.

आईला पुरलं त्याच आठवड्यात त्या नाटकाचा प्रयोग होता. तोच प्रसंग आला, सभागृह चिडीचूप. अडवोआ उठली, आईचं गाणं म्हणू लागली.

मागून कुणीतरी खेकसलं, "ओ बाई, थिएटरात गप्प बसायचं असतं!"