सिस्टर ॲग्नेसची माती

"कबर कुठं आहे, तेवढं सांगा आजोबा," यामिनीनं पुन्हा विचारलं.

गुलाबराव खाटेवर बसून चष्मा पुसत राहिले. खमरियाच्या क्वार्टरच्या अंगणात ऊन नुसतं मी म्हणत होतं. त्यात हा म्हातारा काही ताकास तूर लागू देईना.

आयरिश नन्सचा मठ कधीचाच बंद पडला होता. त्याचं जुनं दप्तर लावायचं काम यामिनीकडं आलं आणि त्यात ही सिस्टर ॲग्नेस निघाली. आयर्लंडातल्या बड्या जमीनदाराची धाकटी लेक. तिच्या मरणाची नोंद होती, तारीखही होती. बाकी सगळ्याजणी मठाच्या आवारात ओळीनं पुरलेल्या, हिचीच कबर नव्हती. त्या काळचा माणूस उरला होता एकच, मठाचा सुतार गुलाबराव.

"काहून पाहिजे कबर?"

"तिची थोरली बहीण ब्रिजिट आहे तिकडे आयर्लंडात. अंथरुणाला खिळली आहे, आता फार दिवस काढणार नाही. इस्टेट फुटू नये म्हणून बापानं थोरलीचं लग्न लावलं आणि धाकटीला मठात धाडलं. ते तिच्या जिवाला लागून राहिलंय. म्हणते, बहिणीच्या कबरीवरची मूठभर माती माझ्या शवपेटीत ठेवा."

गुलाबरावांनी आतल्या दाराकडं पाहिलं. नात राखी चहा ठेवून गेली.

"आजी नाही येत बाहेर?" यामिनीनं विचारलं.

"कलावतीला ऊन सोसत नाही. अंगावर लाल चट्टे उठतात." ते थांबले. "बेटा, त्या मठाची रीत लई कडक होती. बाई गेली का घंटा वाजवायची, दप्तरात मरण लिहायचं, आणि मग तिचं नाव कोणी काढायचं नाही. ॲग्नेससाठी घंटा वाजून राहिली होती, तवा मी फाटकाशी सायकल घेऊन उभा होतो."

म्हाताऱ्यानं चष्मा काढून डोळे पुसले. यामिनीला आपल्या रागाची लाज वाटली.

"बहिणीवर राग होता का हो तिचा?"

"सुरुवातीला होता. मग निवला."

"सुखात होती?"

"ते मी कसं सांगू?" गुलाबराव खाली मान घालून म्हणाले. "मी तर म्हणीन, होती."

मग ते उठले. कुंपणाशी गुलाबाचं एक जुनं झाड होतं. "कबर मी नाही दाखवू शकत. पण हे झाड तिच्या हातचं आहे, मठातून आणलेलं. इथली माती ने."

यामिनीनं बुंध्याजवळची माती रुमालात बांधली. तिचे डोळे भरून आले. एवढ्यासाठी तिकडं कुणीतरी जीव धरून होतं. जय भीम म्हणून ती फाटकाकडं वळली.

मागं दार करकरलं.

"ऊन आहे, कलावती," गुलाबराव घाईघाईनं म्हणाले.

पण भिंतीला धरत धरत म्हातारी पायरी उतरलीच. पदर खांद्यावर घसरला होता आणि तिच्या निळ्या डोळ्यांना उजेडानं पाणी आलं होतं.

"माती राहू दे, पोरी," ती म्हणाली. "ब्रिजिटला फोन लाव. म्हणावं, धाकटी बोलून राहिली."